चार बटणांचा आरएफ (रेडिओवर चालणारा) रिमोट: पाण्याच्या मोटारीला झकास, गोडाऊनला मस्त, पण स्लॅबच्या लिफ्टला अजिबात नको

गोडाऊनच्या भिंतीवर ह्या रिमोटचं ऐकणारा तो पांढरा डबा लागल्यापासून येणारा जाणारा एकच गोष्ट विचारतो, रेंज किती हाये भाऊ? डब्यावर १०० मीटर लिहिलंय, ते मोकळ्या मैदानातलं, आणि मोकळ्या मैदानात कोणाच्या मोटारी असतात. माझं म्हणणं असं की रेंज नंतर विचारा, आधी हे विचारा की बटणावरचं बोट काढल्यावर काय होतं, आणि लाईन जाऊन परत आल्यावर काय होतं. ह्या दोन गोष्टी डब्यावरही लिहिलेल्या नसतात आणि दुकानदारालाही धड सांगता येत नाहीत म्हणून एवढं लांबलचक लिहितोय, वेळ असेल तरच वाचा.

वस्तू काय तर २३० व्होल्टवर चालणारा चार चॅनेलचा रिसिव्हर, त्यात चार रिले, म्हणजे सिग्नल आला की आपोआप चालू-बंद होणारे छोटे स्विच, सोबत चावीच्या गुच्छाला लावता येतील असे दोन रिमोट, त्यावर ए बी सी डी अशी चार बटणं. ४३३ मेगाहर्ट्झवाला. नागपूरला बर्डीच्या बाजारातून आणला, हजाराच्या जरासा आत पडला. ऑनलाईन अजून थोडा स्वस्त दिसत होता पण आमच्या गावाचा पिनकोड टाकला की पार्सल पुलगावपर्यंत येऊन बसतं आणि मग फोन येते, काका तुम्हीच या घ्यायले. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण तसं नावच नाही, एकाच बोर्डावर दहा जणांचे दहा स्टिकर असतात.

घर पुढे, मागे टिनाचं गोडाऊन, त्यात सोयाबीन आणि चणा, बाजूला बोअर, वर टाकी. रिमोटवर काय काय घेतलं तर बोअरची मोटार, गोडाऊनचे एक्झॉस्ट पंखे आणि अंगणातला मोठा लाईट. चौथं बटण मोकळं ठेवलं होतं, त्याचं पुढे सांगतो.

टीव्हीच्या रिमोटसारखं समोर रोखून धरावं लागत नाही, हा रेडिओवर चालतो, विटांची भिंत मध्ये आली तरी काम करतो. पण टिन म्हटलं की संपलं. लोखंडी पत्र्याच्या आत रिसिव्हर ठेवला की बाहेरून सिग्नल आत शिरतच नाही, दारातून किंवा फटीतून जे काय जाईल तेवढंच. आमच्या वायरमननं आधी तो गोडाऊनच्या आत मीटरच्या शेजारी, तेही लोखंडी बोर्डात बसवला, आणि रिमोट चालायचा फक्त शटरच्या तोंडाशी उभं राहिलं की. तिथं उभं राहायचं तर स्विच काय वाईट होता! मग डबा काढून घराच्या विटांच्या भिंतीला, वळचणीखाली, उत्तरेच्या बाजूनं लावला. पश्चिमेला लावू नका, आपल्याकडच्या मे महिन्यातलं ऊन त्या प्लास्टिकला दोन उन्हाळेही टिकू देणार नाही.

आणि त्या डब्यातून एक बारीक वायर लोंबते, कशालाच न जोडलेली, ती अँटेना आहे. आमचा वायरमन पक्कड घेऊन ती कापायलेच निघाला होता, म्हणे फालतू वायर राहिली भाऊ. अरे थांब बाप्पा. ४३३ मेगाहर्ट्झची लहर साधारण ६९ सेंटीमीटरची असते, तिचा चौथा भाग म्हणजे १७ सेंटीमीटरच्या थोडं वर, म्हणून ती वायर तेवढीच ठेवलेली असते. कापली की रेंज गेली, वाढवली तरी फायदा नाही. कंपनीवाले ती डब्यात गुंडाळून पाठवतात, ती सरळ करून खाली किंवा वर मोकळी सोडायची, वीजेच्या जाड वायरींना चिकटवून न्यायची नाही. एवढं केलं तर ओसरीत बसून गोडाऊनचे पंखे चालू होतात, टाकीजवळूनही होतात, रस्त्यावरच्या पिंपळापर्यंत गेलं तर कधी होतात कधी नाही. मला तेवढं पुरतं.

आता रिले. त्यावर १० अँपिअर लिहिलेलं असतं आणि लोक म्हणतात एक एचपीची मोटार सहा-सात अँपिअर घेते मग डायरेक्ट जोडा. नका जोडू. मोटार चालताना सहा-सात घेते हे खरं, पण सुरू होतानाच्या त्या झटक्यात पाच-सहा पट खेचते, आणि तो झटका रिलेच्या बारीकशा टिकल्यांवर ठिणगी पाडतो, असं रोज होत राहिलं की एखाद्या दिवशी त्या टिकल्या एकमेकींना वितळून चिकटतात. मग गंमत बघा, तुम्ही बंदचं बटण दाबता, डब्यातला लाल दिवा विझतो, आणि मोटार आपली चालूच. म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जाड टिकल्यांचा मोठा रिलेच, पाहिजेच. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉईलला करंट द्यायचा, मोटारीचा खरा भार कॉन्टॅक्टरनं घ्यायचा, वर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि मोटारीवर जास्त भार आला की बंद करणारा ओव्हरलोड. ह्याचा खर्च रिमोटपेक्षा जास्त येतो हे खरं, आणि इथंच लोक हात आखडतात. लाईट आणि पंखे मात्र डायरेक्ट रिलेवर चालतात, तिथं काही अडचण नाही.

मला खटकलेली मोठी गोष्ट म्हणजे हा रिमोट नुसता पाठवतो, त्याला परत काही कळत नाही. पोष्टाच्या पेटीत पत्र टाकल्यासारखं आहे, पोचलं का नाही ते पेटी सांगत नाही. रिमोटवरचा लाल दिवा लागला म्हणजे रिमोटनं सिग्नल सोडला एवढंच, मोटारीनं ऐकलं का नाही त्याचा त्या दिव्याशी काही संबंध नाही. घरच्यांना हे समजावण्यात लय वेळ गेला. शेवटी कॉन्टॅक्टरच्या मोटारीकडच्या बाजूला एक इंडिकेटर जोडून स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा भिंतीवर लावून टाकला. तो लागला तर मोटारीला खरंच करंट जातोय. रिलेकडच्या बाजूला लावला असता तर काही उपयोग नव्हता, कॉन्टॅक्टरच्या टिकल्या चिकटल्या तर तोही खोटंच सांगणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बोट काढल्यावर काय होतं ते. माझ्या बोर्डावर एक छोटं बटण आहे रिमोट शिकवायचं. ते एकदा दाबून रिमोट शिकवला तर जोवर बोट तोवर चालू, बोट काढलं की बंद. दोनदा दाबून शिकवला तर एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. तीनदा दाबून शिकवला तर एक बटण चालू झालं की आधीचं आपोआप बंद. आणि आठदा दाबलं की सगळेच रिमोट पुसले जातात. आता ह्यातली खोच अशी की नवीन रिमोट जोडताना ते बटण किती वेळा दाबलं ह्यावर मशीन कसं वागणार ते ठरतं, आणि हे कुठंही मोठ्या अक्षरात लिहिलेलं नाही, सोबत येणाऱ्या कागदावर मुंगीएवढ्या इंग्रजीत आहे. म्हणजे घरात कोणी हौशी पोट्ट्यानं तिसरा रिमोट जोडला आणि चुकून दोनदा दाबलं तर काल बोट काढल्यावर थांबणारी वस्तू आज थांबणार नाही. पंख्याला काही फरक पडत नाही. शटरला पडतो.

शटरचं बोलतो कारण चौथ्या बटणावर ते घ्यायचा विचार होता. नाही घेतलं. शटरच्या मोटारीला वर जायची वायर वेगळी, खाली यायची वेगळी, दोन्हीला एकदम करंट गेला तर मोटारीचं वाटोळं, आणि ह्या बोर्डावर बोट ठेवून चालवायच्या मोडमध्ये ए आणि बी एकदम दाबले तर दोन्ही रिले ओढतात. शिवाय शटर खाली येताना त्याखाली लेकरू आहे का कुत्रं आहे हे ओसरीत बसून दिसत नाही. शटरला त्याच्या मोटारीसोबत येणारा कंट्रोलच बरा, आणि तोसुद्धा समोर उभं राहून वापरायचा. लाईन नसताना ओढायची साखळी चालते का तेही बसवतानाच बघून घ्या, पावसाळ्यात पहिलं वादळ आलं की कळेलच काहून सांगतोय ते.

दुसरं, चोरीचं. हे स्वस्तातले रिमोट दरवेळी तोच तो ठरलेला कोड पाठवतात. आतली चिप नवीन प्रकारची असेल तर दहा लाखांवर वेगवेगळे कोड असतात त्यामुळे शेजाऱ्याच्या रिमोटनं तुमची मोटार सुरू व्हायची भीती जवळपास नाहीच. पण जुन्या प्रकारात रिमोटच्या आत आठ जागा असतात, प्रत्येक जागा प्लसला, मायनसला किंवा मोकळी, असे ६५६१ कोड बनतात खरे, पण बरेचदा कारखान्यातून आठही मोकळ्या सोडून येतात आणि कोणी उघडून सोल्डर करत नाही. मग एकाच दुकानातून घेतलेले दोन सेट एकमेकांचं ऐकतात. आणि चिप कोणतीही असो, ठरलेला कोड हवेतून पकडून जसाच्या तसा परत सोडता येतो, त्याला फार हुशारी लागत नाही. कारच्या चावीत किंवा चांगल्या गेटच्या रिमोटमध्ये दर दाबण्याला कोड बदलतो, त्याला रोलिंग कोड म्हणतात. तर ज्याच्यामागे माल आहे असं दार ह्या रिमोटवर ठेवू नका, आणि ठेवलंच तर शटरचं खालचं कुलूप लावायचं सोडू नका.

लाईन जाऊन आल्यावर माझ्या डब्याचे चारही रिले बंद राहतात. मोटारीसाठी हेच पाहिजे. रात्री लाईन गेली, पहाटे आली आणि मोटार आपोआप सुरू होऊन टाकी वाहत बसली किंवा बोअर कोरडी ओढत बसली असं होत नाही. पंख्यांसाठी मात्र आठवणीनं परत दाबावं लागतं. काही बोर्ड आधीची स्थिती लक्षात ठेवतात, त्यात लाईन आली की जे चालू होतं ते परत चालू. घेताना दुकानातच प्लग काढून परत लावून बघा, त्याला कुठं दोन मिनिटं लागतात.

शेतासाठी चालेल का असं दोघा-तिघांनी विचारलं. नाही चालणार. शेतातली थ्री फेज मोटार गावापासून लांब, तिथं सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टरच पाहिजे, तो फेज गेला, कोरडी ओढतेय हेही बघतो आणि उलट कळवतो. तीन किलोमीटर रेंज लिहिलेले लांब दांड्याच्या अँटेनाचे रिमोटही मिळतात बाजारात, पण तीन किलोमीटरवरून बटण दाबून तिकडं काय झालं ते दिसणार आहे का तुम्हाला?

आता लिफ्टचं, म्हणजे बांधकामाचा माल स्लॅबवर ओढायच्या यंत्राचं. माझा साळा आर्वीकडे घरं बांधायचे ठेके घेतो. त्यानं हा डबा पाहिला आणि त्याच्या डोळ्यात चमकच आली. "भाऊजी, हा मले द्या ना. लिफ्टवाल्या पोट्ट्याच्या हातात ते वायरीचं बटण रायते, वायर सळ्यात अटकते, परवा तर सोललीच." अडचण खरी होती. स्लॅबच्या काठावर तिपाई, तिच्या मागच्या पायावर वजन म्हणून रेतीची पोती, मोटार, गिअर, ड्रमवर गुंडाळलेला तारेचा दोर, आणि खालून विटा, मसाला वर ओढायची ट्रॉली. वर-खालीचं बटण लांब वायरीवर, आणि ती वायर दिवसभर सळ्यांवर घासत राहते.

मी म्हटलं देतो, पण आधी रिकाम्या ट्रॉलीनं बघू, खाली कोणी उभं राहायचं नाही आणि एक माणूस एमसीबीवर हात ठेवून उभा राहील. साळ्याला ते जास्तीचं वाटलं पण माझ्यापुढे बोलला नाही. वर जायला एक कॉन्टॅक्टर, खाली यायला एक, दोन्ही एकदम ओढणार नाहीत असं इंटरलॉक वायरिंग करून घेतलं. आधी बोट ठेवून चालवायचा मोड ठेवला, नीट चाललं. मग तो पोट्टा म्हणते, दोन मजले वर येईस्तोवर बटण दाबून ठेवा लागते, अंगठा दुखते काका, एकदा दाबून होते तसं करून द्या. साळा पण म्हणे करा. मी म्हटलं करून दाखवतो, बघा मग.

दोनदा दाबून परत शिकवला. पोट्ट्यानं वरचं बटण दाबलं, ट्रॉली निघाली, आणि तो आपला सवयीनं कॉलमच्या पलीकडे मिस्त्रीशी बोलायला सरकला. ट्रॉली वर आली तसं त्यानं बंद करायला दाबलं. काही नाही. परत दाबलं, रिमोटवरचा दिवा मिणमिणला, ट्रॉली येतच होती. त्या लिफ्टला वरच्या टोकाला लिमिट स्विच (ट्रॉली टोकाला आली की मोटार आपोआप बंद करणारा) नव्हता, अशा छोट्या लिफ्टना बरेचदा नसतो किंवा असून बांधून ठेवलेला असतो. मी ओरडलो, एमसीबीवाल्यानं खाली पाडला, ब्रेक लागला. ट्रॉली कप्पीच्या वीतभर खाली थांबली. लोंबकळत होती. पुढचं थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही, मग मिस्त्री म्हणाला, "भरली असती त पोती उचलून खाली आली असती सगळी."

तर झालं काय होतं, रिमोटमधली बॅटरी उतरलेली, त्यात मध्ये सळ्यांनी भरलेला कॉलम. दोन्ही गोष्टी बांधकामावर रोजच्याच. आणि बोट ठेवून चालवायचा मोड ठेवला तरी मी हा लिफ्टला लावणार नाही, कारण कॉन्टॅक्टरच चिकटला तर थांबवायला दुसरा कोणताच रस्ता ह्यात नाही, वेगळं लाल स्टॉप बटण नाही. क्रेन आणि होइस्टसाठी (वजन वर ओढायच्या यंत्रासाठी) बनवलेले रेडिओ रिमोट वेगळे असतात. त्यात मोठं लाल स्टॉप बटण असतं, आणि सिग्नल तुटला की रिसिव्हर स्वतःच मेन कॉन्टॅक्टर सोडून देतो. म्हणजे बॅटरी मेली, रिमोट खाली पडला, कॉलम आडवा आला, काहीही झालं तरी निकाल थांबण्याकडेच. आपल्या ह्या डब्यात एकदा दाबून चालू व्हायच्या मोडमध्ये चालू केलं की सिग्नल असो नसो, तो चालूच राहणार, त्याला बंद व्हायलाही सिग्नलच पाहिजे. महाग असतात ते, कितीतरी पटीनं, पण माणसाच्या डोक्यावर वजन लटकत असेल तर तेच घ्या नाहीतर वायरीचंच बटण ठेवा.

साळ्यानं वायरीचंच ठेवलं. फक्त आधीची कडक प्लास्टिकची वायर काढून रबरी फ्लेक्सिबल केबल घेतली, तिच्यासोबत नायलॉनची दोरी बांधली म्हणजे ओढ दोरीवर येते, आणि सळ्यांच्या वरून एका बांबूवर टांगून नेली. सोलायची बंद झाली. वर लिमिट स्विचही बसवून घेतला, ते बरं झालं.

आणि माझा डबा पाहिजेच म्हणून त्यानं तसाच एक स्वतःसाठी आणला, तो लावला पाणी मारायच्या मोटारीला. हे मात्र नंबर एक काम झालं. स्लॅबला किमान सात दिवस पाणी पाहिजे, आपल्या उन्हाळ्यात तर त्याहून जास्तच, वर एक पोट्टा पाईप घेऊन आणि खाली टाक्यातली मोटार, आधी वरून ओरडायचं लाव रे, बंद कर रे, खालचा ऐकत नाही, पाणी जिन्यातून वाहत जातं, भिजवलेला मसाला वाहून जातो. आता वरचा स्वतःच चालू-बंद करतो. नाही चाललं तर फार तर थोडं पाणी सांडेल, कोणाचं डोकं फुटणार नाही. साईटवरचा रात्रीचा हॅलोजनही त्यानं त्यावरच घेतलाय, राखणदार खोपडीतून लावतो.

स्टार द्यायचे तर घरासाठी आणि गोडाऊनसाठी पाचपैकी चार, एक कापला त्या मुंगीएवढ्या कागदासाठी. रिसिव्हरची डबी पाणी अडवणारी नाही, वर पत्र्याची छोटी टोपी करून घ्या. ह्या पट्ट्यात कमी पॉवरच्या रिमोटला लायसन लागत नाही त्यामुळे गाड्यांच्या चाव्या, डोअरबेल सगळे इथंच घुसलेत, आसपास कोणाचं बटण खिशात दाबून राहिलं तर तेवढ्यापुरता तुमचा रिमोट मुका होतो, घाबरू नका, थोडं थांबून परत दाबा.

रिमोटमधली बॅटरी १२ व्होल्टची, करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी, तिच्यावर २३ए किंवा २७ए लिहिलेलं असतं आणि दोन्हीची जाडी वेगळी आहे, जुनी सोबत नेऊनच घ्या. आमच्या गावात मिळत नाही, आर्वीत घड्याळवाल्याकडे मिळते, जास्तीची आणून ठेवा. जास्तीचा रिमोट घेताना मागे ४३३ लिहिलंय का बघा, दिसायला हुबेहूब असा ३१५वालाही मिळतो, तो ह्या डब्याला ऐकूच येत नाही. आणि शिकवताना बटण किती वेळा दाबायचं ते डब्याच्या आतल्या बाजूला मार्करनं मराठीत लिहून ठेवा, तो इंग्रजी कागद आठवड्याभरात हरवतो.